३२ गिगाबॉड डीपी-१६क्वाम सिग्नल: रेडीमेड ट्रान्समीटर घ्यावा की एडब्ल्यूजी (हवा तसा इलेक्ट्रिकल सिग्नल बनवणारा जनरेटर)?

फायबरवेडा:
नमस्कार मंडळी, एम.टेक.चा प्रोजेक्ट कोहेरंट रिसीव्हरच्या (प्रकाशाची तीव्रता आणि फेज दोन्ही वाचणारा) डीएसपीवर, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगवर आहे. रिसीव्हर आहे, स्कोप आहे, पण त्यात घालायला सिग्नलच नाही 😅 ३२ गिगाबॉड डीपी-१६क्वाम हवाय (सेकंदाला ३२ अब्ज सिम्बॉल, दोन पोलरायझेशनवर, प्रत्येक सिम्बॉल १६ बिंदूंपैकी एक), जमलं तर पुढे ४००झेडआर या ४०० गिगाबिटच्या ऑप्टिकल स्टँडर्डसारखा ६० गिगाबॉडच्या आसपासचा. व्हेंडर म्हणतो रेडीमेड ऑप्टिकल ट्रान्समीटर घ्या, लेसर मॉड्युलेटर ड्रायव्हर बायस सगळं एका डब्यात. सर म्हणतात एडब्ल्यूजी घेऊ, आयक्यू मॉड्युलेटर (प्रकाशाच्या आय आणि क्यू या ९० अंशांनी सरकलेल्या दोन घटकांवर डेटा चढवणारा) कपाटात पडलाच आहे (सिंगल पोलरायझेशनवाला). बजेटमध्ये २ चॅनेलच बसतायत. सॅम्पल रेट किती बघू?

तरंग_७७:
त्या डब्याला इलेक्ट्रिकल सिग्नल कुठून देणार ते विचारलंस का व्हेंडरला? बहुतेक वेळा ते बाहेरूनच द्यावं लागतं, म्हणजे डबा घेऊनही एडब्ल्यूजी लागणारच. सरांचं बरोबर आहे.
आणि नुसता सॅम्पल रेट बघू नकोस, ॲनालॉग बँडविड्थ बघ. रोल-ऑफ (स्पेक्ट्रम किमानापेक्षा किती जास्त पसरतो ते) ०.१ धरला तर ३२ गिगाबॉडला १७.६ गिगाहर्ट्झ लागतात, कीसाइटचा एम८१९५ए (६५ गिगासॅम्पल, २५ गिगाहर्ट्झ) आरामात चालेल. ६० ला तेच गणित ३३ गिगाहर्ट्झवर जातं, तिथे त्याचा दम संपतो, एम८१९४ए वगैरे १२० गिगासॅम्पलवाले लागतात आणि किंमत ऐकून सर तुला फक्त क्यूपीएसके (चारच बिंदूंचं सोपं मॉड्युलेशन) करायला सांगतील. शिवाय ८ बिट लिहिलेले असले तरी वरच्या फ्रिक्वेन्सीला खरे उपयोगी बिट बरेच कमी उरतात, डेटाशीटमध्ये ईएनओबीचा (याच उपयोगी बिटांचा) ग्राफ शोध.

लॅबवाली_ताई:
२ चॅनेलवर डीपी होतं रे. मॉड्युलेटरनंतर स्प्लिटर, एका फांदीत १० मीटरचा पॅचकॉर्ड, मग पीबीसीने (दोन पोलरायझेशन जोडणारा कंबायनर) परत एकत्र. १० मीटर म्हणजे साधारण ५० नॅनोसेकंद, ३२ गिगाबॉडला १६०० सिम्बॉल, तुझ्या इक्वलायझरच्या (डीएसपीतला सिग्नल दुरुस्त करणारा फिल्टर) लांबीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे एक्स आणि वाय वेगळे डेटा असल्यासारखेच वागतात. फक्त दोन्ही फांद्यांची पॉवर सारखी ठेव. पेपरांमध्ये सर्रास असंच करतात, तसं लिहायचं मात्र, लपवायचं नाही.
खरं घोडं अडतं ते बायसवर (मॉड्युलेटरला लावायचा स्थिर व्होल्टेज). आतले दोन्ही एमझेडएम (आय आणि क्यूचे छोटे मॉड्युलेटर) नलवर, म्हणजे प्रकाश किमान होतो त्या बिंदूवर, आणि बाहेरचा फेज ९० अंशावर पाहिजे, आणि लिथियम नायोबेटचा बायस सरकत राहतो. कॉन्स्टेलेशन (सिम्बॉलच्या बिंदूंचं चित्र) चौकोनाऐवजी तिरकं दिसलं की फेज चुकलाय, केंद्रापासून ढळलं किंवा ओएसएवर (ऑप्टिकल स्पेक्ट्रम दाखवणारं यंत्र) मधोमध कॅरिअरचं शिंग दिसलं की नल चुकलाय. ऑटो बायस कंट्रोलर घेच, हाताने नॉब फिरवत बसलास तर रीडिंग कधी घेणार?

तरंग_७७:
+१. आय आणि क्यूच्या केबली मॅच्ड पेअरच घे. ३२ गिगाबॉडला एक सिम्बॉल ३१.२५ पिकोसेकंदांचा, केबलमध्ये १ मिलीमीटरचा फरक म्हणजे जवळपास ५ पिकोसेकंद! उरलेला स्क्यू (दोघांमधला वेळेचा फरक) एडब्ल्यूजीच्या चॅनेल डिलेने काढ.

फायबरवेडा:
ताई भारी 🙏 ड्रायव्हर ॲम्प्लिफायर कुठलाही चालेल का? एक जुना ४० गिगावाला आहे.

लॅबवाली_ताई:
लिनियर आहे का बघ. जुने बरेचसे ऑन-ऑफसाठीचे, लिमिटिंग असतात, १६क्वामच्या चार लेव्हल चेपून टाकतात. लिनियर असला तरी २ व्ही-पायपर्यंत (व्ही-पाय म्हणजे मॉड्युलेटरमध्ये फेज १८० अंश फिरवणारा व्होल्टेज) ताणू नकोस, निम्म्याच्या आसपास ठेव, पॉवर पडेल ती ईडीएफएने (ऑप्टिकल ॲम्प्लिफायर) भरून काढ. आणि आधी क्यूपीएसके लाव, ते स्वच्छ आलं की मगच १६.