इंदूरच्या आसपास गळ कुठं टाकता? अनुभव लिहा

मोरपीस

१६ ऑगस्टची पहाट. हातोद मागे टाकून यशवंत सागर धरणाच्या काठी पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. बरोबर पुतण्या, वय अकरा. दोन महिने रोज विचारत होता, काका, कधी? १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडं नद्या-धरणांत मासेमारी बंद असते. नव्या पाण्यात मासळी अंडी घालते, तेव्हा तिच्या वाटेला जायचं नाही, हे त्याला दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागलं.

त्या दिवशी पाणी गढूळ, गंभीर नदीचा ओघ अजून जोरात. तीन तासांत एक रोहू, पाऊण किलोचा. परतताना पोरानं विचारलं, "काका, इंदूरजवळ अजून कुठं कुठं बसता येतं?" मी चार नावं घेतली आणि थांबलो. जन्म इथला, चाळीस वर्षं गळ हातात, आणि चार नावं! फार लागलं मनाला.

म्हणून हा धागा. कुठं बसता, कोणत्या महिन्यात, आमिष काय, काय लागलं, काय सुटलं. नुसती जागेची नावं नकोत, तिथलं पाणी कसं वागतं तेही लिहा. माशांची इथली आणि आपली, दोन्ही नावं द्या. पढीन म्हणजे आपला शिवडा, सौल म्हणजे मरळ, हे नव्या पोरांना ठाऊक नाही.

एक विनंती. सिरपूर तलाव कुणी सुचवू नये. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. यशवंत सागर मोठा आहे, मी तिथं ठेक्यावरच्या माणसाला विचारून, सारस उतरतात त्या बाजूपासून लांब बसतो. सिरपूर लहान, ते पक्ष्यांचं घर आहे.

महूकर

माझी जागा चोरल. धरण नव्हे, नदी.

लहानपणी वडील रविवारी महूहून मीटरगेजनं न्यायचे. बांबूच्या दांड्या बाकाखाली, गांडुळांचा डबा माझ्या मांडीवर. पाताळपाणी, मग घाट, बोगदे, कालाकुंडला पानावरचा कलाकंद, आणि मग चोरल. २०२३ पासून ती गाडी बंद आहे, ब्रॉडगेजचं काम चाललंय. आता खंडवा रोडनं मोटरसायकलवर जातो.

दसऱ्यानंतर जा. पाणी निवळलेलं असतं आणि वाहतंही. काळ्या खडकांतून धार डोहात पडते तिथं फेसाची एक रेघ लांबवर जाते. त्या रेघेच्या एका बाजूला पाणी धावत असतं, दुसऱ्या बाजूला जवळजवळ थांबलेलं. मासा थांबलेल्या बाजूला उभा राहतो, तोंड धारेकडं, आणि वाहून आलेलं खाणं पुढं होऊन उचलतो. गळ डोहाच्या मध्यावर टाकणारे दिवसभर बसून राहतात. गळ वरच्या धारेत सोडा आणि रेघेवरून आपोआप खाली येऊ द्या. वडिलांनी मला शिकवलेली एवढी एकच गोष्ट, पण ती कुठल्याही वाहत्या पाण्याला लागू पडली.

खडकांच्या कपारीत बाम मिळते, संध्याकाळी, गांडुळावर. लव्हाळ्यात मरळ. महाशीरची बोटभर पिल्लंही गळाला येतात, ती मात्र लगेच सोडायची.

नवखा_इंदुरी

मी सहा महिने बिलावलीच्या बाजूला एका तळ्यावर बसतोय, कणकेची गोळी लावून. तरंगा हलतो, ओढलं की गळ रिकामा. काय चुकतंय?

मोरपीस

बहुतेक खोली चुकतेय. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, आणि मृगळ, इथं ज्याला नैन म्हणतात, तो तळाशी. तरंगा वर-खाली सरकवून तिन्ही थर तपासा. छोटी चिंगळी गोळी कुरतडत असतील तर गोळी घट्ट हवी: कणीक, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, थोडा गूळ, चिमूटभर हिंग, आणि मळताना पाणी जेमतेम.

तरंगा कशाचा आहे? थर्माकोलचा असेल तर बदला. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा पांढरा दांडा वीतभर कापा, दोन्ही टोकांना दोरा गुंडाळा. शिसं इतकंच लावा की पाण्यावर दोन बोटं दिसेल. रोहू गोळी चोखतो तेव्हा हा दांडा बुडत नाही, नुसता एकदा खाली-वर होतो आणि मग आडवा सरकायला लागतो. सरकला की मनगटानं हलकेच उचला. त्याआधी नाही.

सुदामानगरची_लेक

बिलावलीचं नाव निघालं म्हणून लिहिते. बाबांबरोबर मीही जायची, गल्लीतली एकटी मुलगी. चांगल्या पावसानंतर तलाव ३४ फुटांवर भरला की बाबा म्हणायचे, आता महिनाभर नको, मासळी पसरली. पाणी उतरायला लागलं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, की ते दांड्या काढायचे.

आठवीत असताना मला शिंगाळा लागला. आनंदानं मुठीत धरला, आणि पंखाचा काटा तळव्यात गेला. कोपरापर्यंत आग. बाबांनी पाण्यानं धुतलं, सायकलवर घरी आणलं. आईनं सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला, अर्धा तास, पाणी निवलं की पुन्हा गरम. ठणका हळूहळू उतरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पोरांना नेणार असाल तर शिंगाळा, मागूर, शिंगी हे फडक्यानं, पंखांच्या मागून धरायला आधी शिकवा.

आणि तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून टाकून देऊ नका. आई तुकड्यांना मीठ-हळद चोळून चिंचेच्या कोळात तासभर ठेवायची, मग धुऊन आलं-लसणाचं वाटण. आमच्या घरी सुरमईपेक्षा बिलावलीचा रोहू आवडीनं खाल्ला जायचा.

नर्मदाकाठ

आमचं घर मंडलेश्वरचं, होळकरांच्या चाकरीत आलेलं. नर्मदेवर मी आयुष्यभर बसलो, आणि ज्याच्यासाठी बसलो त्याला इथं बाडस म्हणतात. महाशीर. २०११ मध्ये तो मध्य प्रदेशचा राज्यमासा झाला, पण तोवर आमच्या घाटांवरून तो जवळजवळ गेलेला होता.

१९९४ च्या नोव्हेंबरात सहस्रधारेच्या वर मला एक लागला. आमिष होतं भाजलेल्या चण्याचा लाडू. तरंगा हलला वगैरे काही नाही, सरळ दांडी हातातून ओढली गेली. वीस मिनिटं तो खडकांतून फिरत होता आणि मी काठानं त्याच्यामागं. शेवटी उथळ पाण्यात आडवा झाला. सोनेरी-हिरवट, खवले माझ्या अंगठ्याएवढे, चार मिशा, जाड मऊ ओठ. गळ काढायला बोट तोंडात घातलं, जबड्याला दातच नाहीत. शेजारी उभा केवट म्हणाला, "भिया, और अंदर मत डालना, इसके दाँत गले में हैं." खरंच, त्याचे दात घशात असतात, त्यांनी तो शिंपले फोडतो. तीन किलोच्या वर असेल. घरी नेला, खाल्ला. आज ते सांगताना मन खातं, पण तेव्हा संपेल असं वाटलंच नव्हतं.

का संपला? या माशाला वाहतं, गार, खळखळतं पाणी लागतं आणि अंडी घालायला गोट्यांचा तळ. पावसाळ्यात तो ओघाच्या उलट वर चढतो. २००५ मध्ये इंदिरा सागर धरण, २००७ मध्ये ओंकारेश्वर. वर जायची वाट बंद झाली, धरणामागं साठलेल्या पाण्यात गोट्यांवर गाळ बसला. धरमपुरी-बडवानीकडं सरदार सरोवराचा फुगवटा. वाळू उपसली ती वेगळीच. एका कारणावर बोट ठेवून चालणार नाही. बडवाहला वनविभागानं त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवली, हे मला आशेचं वाटतं.

आता बसायचं तर खलघाट ते महेश्वर, काठाला वाहतं पाणी आहे तिथं. पढीन मिळेल, जबडा मोठा आणि दात धारदार, म्हणून डोरीला पुढं तारेचा तुकडा बांधा. महेश्वरच्या घाटावर मात्र गळ काढू नका. तिथं लोक माशांना चणे-फुटाणे घालतात, त्या माशांवर त्यांची श्रद्धा आहे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. नर्मदेत खडकावर जाऊन बसू नका. वर धरणात वीज बनते तसं पाणी सुटतं, आकाश निरभ्र असताना नदी चढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावास्येच्या स्नानाला आलेले कितीतरी लोक असेच वाहून गेले. मी स्वतः एकदा चपला आणि डबा खडकावर सोडून कंबरभर पाण्यातून बाहेर आलोय. काठावर एक काडी रोवून ठेवा, पाण्याच्या रेषेवर. दर दहा मिनिटांनी तिच्याकडं बघा.

छत्रीबाग_७८

वय अठ्ठ्याहत्तर. मी कान्ह नदीचं लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांच्या, खाली, पुलाच्या कमानीशी, आम्ही पोरं साडीच्या धाग्याला वाकवलेली टाचणी बांधून बसायचो. चिंगळी यायची, कधी वीतभर मरळ. तळ दिसायचा. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर एक गोल उमटतो, तो बघून आम्ही पळत जायचो. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं, त्याच्या कितीतरी आधी आम्ही टाचण्या टाकणं सोडलं होतं, पाण्याला वास यायला लागला म्हणून. गेल्या वर्षी नातीला तिथं नेलं. काठ स्वच्छ केलाय, दिवे आहेत. ती म्हणाली, आजोबा, मासे? मी पाण्याकडं बघत राहिलो.

मोरपीस

सगळ्यांचं वाचून काल पुतण्याला चोरलला नेलं. महूकर, तुमची फेसाची रेघ सापडली, दुसऱ्या डोहात. पोरानं वरच्या धारेत गळ सोडला, तीनदा खडकाला अडकला, एक गळ तुटला. चौथ्या वेळी दांडा रेघेवरून खाली येता येता आडवा सरकला. बाहेर आलं ते वीतभर, अंगावर सोनेरी झाक, चार मिशा. मी काही बोललो नाही. त्यानंच आधी दोन्ही हात पाण्यात भिजवले, गळ काढला, तोंड धारेकडं करून धरून ठेवला, शेपटी हलायला लागेपर्यंत.

घरी येताना सिमरोळला चहाला थांबलो तर वही काढून त्यानं लिहिलं: चोरल, दुसरा डोह, बाडस, सोडला.