मदत हवी आहे: कीड न लागलेल्या भेंडीचं बी कसं धरायचं?

मुलुंडची_गच्ची: गच्चीवर भेंडी लावलीय. सगळ्या झाडांची वाट लागली, एक मात्र टवटवीत आहे. त्यापासून कीड न लागणारं वाण करायचंय. काय करू? लवकर सांगा, शेंगा जून होत चालल्यात.

निंबोळी: दर आठवड्याला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. बियाण्याच्या भानगडीत कशाला पडता?

रानवाट: ताई, कीड कोणती? पानांच्या कडा वळल्यात की शिरा पिवळ्या झाल्यात? बी घरचं की पाकिटातलं?

मुलुंडची_गच्ची: कडा पिवळ्या होऊन वर वळल्यात. पानाखाली बारीक हिरवे किडे, हात लावला की तिरके पळतात. पाकीट दादरहून आणलं, वर एफ-१ लिहिलंय. त्याने काय होतं?

परभणीकर: आमच्या विद्यापीठाची परभणी क्रांती लावा. रानभेंडीशी संकर करून काढलीय.

रानवाट: परभणीकर, ती शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगासाठी, जो पांढरी माशी पसरवते. हे तुडतुडे आहेत. ताई, भिंगाने पानाची खालची बाजू बघा. दाट, लांब लव असेल तर तुडतुड्याला शिरेत अंडी घालणं जड जातं. पण एफ-१ म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिच्या बियांत गुण वेगवेगळे वाटले जातात, सगळी रोपं आईसारखी निघत नाहीत. जमतील तितकी लावा, लवदार आणि निरोगी तेवढीच ठेवा, आणि दरवर्षी हेच करा. पाच-सहा पिढ्या लागतील.

विज्ञाननिष्ठ: यापेक्षा जनुक बदलणं सोपं. बीटी वांग्यात जिवाणूचं कीडनाशक जनुक घातलंय, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते रोखलं. बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून लावतायत.

रानवाट: ते फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. रस शोषणाऱ्या तुडतुड्याला त्या बीटीने काही होत नाही.

चाळकरी: कुंड्यांखाली विटा ठेवा, नाहीतर स्लॅब गळेल.

मुलुंडची_गच्ची: स्लॅबचं विचारलं नाहीये! अर्क फवारू की नको?

निंबोळी: फवारा! झाडच मेलं तर बी कुठून येणार?

रानवाट: निवड करायच्या झाडांवर नको. फवारलं की कमजोर झाडंही तगतात, मग निवडणार कशावरून? एखादं झाड नुसतं नशिबानेही वाचतं. म्हणून पुढच्या वेळी त्याची रोपं किडलेल्या झाडांना खेटून लावा, तिथे खरं काय ते कळेल. आज संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरून तिच्यावर मलमलची पिशवी बांधा. भेंडी स्वतःच फळते, पण मधमाशी शेजारचा पराग आणते. फूल गळलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधा आणि ती शेंग झाडावरच वाळू द्या.

मुलुंडची_गच्ची: आधीच धरलेल्या शेंगा?

रानवाट: त्या भाजीला. फक्त दोऱ्याच्या शेंगेचं बी धरा.