पिस्टनचा पार्ट नंबर एका आकड्याने वेगळा, ऑर्डर करू का? (मदत हवी आहे)

चिखलगाडी:
होंडाचा पिस्टन मागवायचाय. यादीत नंबर १३१०१-एचसी४ ने सुरू होतो. विक्रेता म्हणतो १३१०२-एचसी४ घ्या, एकच आहे. सुधारित आवृत्ती असणार ना? आजच ऑर्डर टाकायची आहे, पटकन सांगा.

नटबोल्ट:
गाडी कुठली? सिलिंडर बोअर केलाय का, म्हणजे आतून कापून मोठा करून घेतलाय का?

चिखलगाडी:
एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरची चारचाकी), टीआरएक्स ३००. बोअरचा काय संबंध? मी नंबर विचारतोय.

नटबोल्ट:
सगळा संबंध तिथेच आहे. होंडात पहिले पाच आकडे म्हणजे पार्ट काय आहे ते, मधले तीन म्हणजे तो पार्ट मुळात ज्या मॉडेलसाठी बनला त्याचा कोड, आणि आवृत्ती शेवटच्या गटात. तुमचा फरक पहिल्या गटात आहे, म्हणजे वस्तूच वेगळी. १३१०१ स्टँडर्ड, १३१०२ म्हणजे ०.२५ मिमी ओव्हरसाइझ (स्टँडर्डपेक्षा तेवढा मोठा), १३१०३ म्हणजे ०.५०. स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिमी. त्यात १३१०२ बसणारच नाही.

निळी_यामाहा:
होंडाचं सगळं उलटं. यामाहात मॉडेल आधी येतं: ५जीएच-१३४४०, यातलं १३४४० म्हणजे ऑइल फिल्टर. कावासाकीत तर मॉडेल कोडच नाही. १६०९७ म्हणजे ऑइल फिल्टर, पुढचे चार आकडे नुसता अनुक्रमांक.

जुगाडू:
एवढी डोकेफोड कशाला? आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचं) किट घ्या, पिस्टन-रिंग-पिन एकत्र येतं.

नटबोल्ट:
@जुगाडू, किटलाही साइझ सांगावी लागतेच. शिवाय त्यांचे नंबर त्यांचे स्वतःचे, कंपनीच्या यादीशी जुळत नाहीत.

जुगाडू:
बॉक्सवर साइझ मिमीमध्ये छापलेली असते हो. तुमच्या १३१०२ पेक्षा ते बरं.

रानवाट:
टायरवर २५×८-१२ असेल तर २५ इंच बाहेरचा व्यास, ८ रुंदी, १२ रिम. उपयोगी पडेल.

नटबोल्ट:
@रानवाट, टायरचं कोणी विचारलंय?
@चिखलगाडी, बोअर?

चिखलगाडी:
हो, करून आणलाय. वर्कशॉपच्या चिठ्ठीवर ०.५० लिहिलंय. हे आधी सांगायला हवं होतं का?

नटबोल्ट:
मग दोन्ही नंबर चूक. तुम्हाला १३१०३ हवा. रिंगची गंमत अशी की तिथे शेवटचा नाही, चौथा आकडा बदलतो: १३०११ स्टँडर्ड, १३०२१ म्हणजे ०.२५, १३०३१ म्हणजे ०.५०. पिस्टन १३१०३ आणि रिंग १३०११ घेतल्या तर रिंगच्या तोंडाची फट जास्त राहते, कॉम्प्रेशन जातं, तेल जळतं. पिन १३१११ तीच चालते. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरचं पॅकिंग) १२२५१ आणि सिलिंडरच्या खालचं १२१९१ नवं टाका.
खरं तर पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने बोअर करायचा असतो. आता निदान बोअर गेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी माप घ्या आणि क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

निळी_यामाहा:
आणि जुन्या पिस्टनच्या आत कोरलेला नंबर शोधू नका, तो बहुतेक साच्याचा असतो. डोक्यावर ०.२५ किंवा ०.५० छापलंय का ते पाहा.

चिखलगाडी:
१३१०३ स्टॉकमध्ये नाही म्हणतात. १३१०४ चालेल का?

नटबोल्ट:
परत बोअर करायची तयारी असेल तर चालेल. तो ०.७५ चा आहे.