उत्तर: पुण्यात घेतलेला ४जी फोन – चालवायचा की ५जी घ्यायचा?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा सहा महिन्यांसाठी मेलबर्नला येताहेत. बाबांचा फोन पुण्यात घेतलेला, ४जी. इथलं प्रीपेड सिम घालायचं आहे. वापर म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि फोन. नवा ५जी घेण्यात अर्थ आहे का?
– क्लेटनहून

ताई,
एवढ्या वापराला ५जीचा वेग लागत नाही. यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ ५ एमबीपीएसवर आरामात चालतो. मेख आहे ती कॉलमध्ये. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या इथल्या मोबाइल कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं, व्होडाफोनचं त्याआधीच गेलं होतं. आता बोलणं व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्याच वाटेने. बाहेरून आणलेल्या काही फोनवर साधा कॉल व्होल्टीने नीट लागतो, पण ००० (इथला आणीबाणीचा नंबर) दाबलं की फोन ४जी सोडून ३जी शोधायला जातो. ३जी नाहीच, कॉल तिथेच लटकतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून असे फोन नेटवर्कवर बंद करणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मग डेटाही जातो, उरतं फक्त वायफाय.

आधी सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. तपासणीसाठी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही. टेल्स्ट्रा किंवा ऑप्टसचं सिम घातलं की ३४९८ वर नुसता ३ असा एसएमएस करा, फोन चालणारा आहे का ते उत्तरात येतं. तपासायला म्हणून ००० लावू नका!

घरी वायफाय कॉलिंगमुळे सगळं आलबेल वाटतं. वायफाय बंद करून बोला. बोलताना वर ४जी टिकलं तर व्होल्टी चालू आहे, पण हा दाखला साध्या कॉलपुरताच.
– ग्लेन वेव्हर्लीहून

थोडी पुरवणी. बँडही बघा, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते. ७०० मेगाहर्ट्झचा बी२८ नसेल तर शहरात निभावतं, गावाबाहेर पडलं की रेंज जाते. भारतातल्या फोनमध्ये बी३, बी५, बी४० असतात, बी२८ असेलच असं नाही.

आणि भारतातून स्वस्तातला ५जी आणायला सांगू नका. ५जी असला म्हणून ००० लागेल असं मुळीच नाही, घोळ तोच राहतो. घ्यायचाच तर इथल्या दुकानातला, एन७८ बँडचा. इथल्या तिन्ही कंपन्यांचं ३.५ गिगाहर्ट्झचं ५जी त्यावर आहे, आणि पुण्याला परतल्यावर जिओ-एअरटेलचंही. जिओसाठी ५जी 'एसए' (स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं) आहे ना, तेवढं पाहा. ३४९८ कडून होकार आला तर मात्र पैसे घालू नका.
– एपिंगहून

आयएमईआय आजच मागवते. बी२८ चं मॉडेल नंबरावरून बघते. धन्यवाद!
– क्लेटनहून