टाइप १ मधुमेह असलेल्या किशोरवयीन मुलांचे आकडे पालकांनी सतत पाहावेत का?

धागाकर्ती:
माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आता ती १५ वर्षांची आहे. तिच्या दंडावरच्या सेन्सरमुळे दर पाच मिनिटांनी तिची शुगर माझ्या मोबाइलवर दिसते. गेल्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि दारात बूट काढत असतानाच मी विचारले, "दुपारी २८० कशी गेली?" वक्तृत्व स्पर्धेसाठी निवड झाल्याचे सांगायला ती धावत आली होती. ते मला रात्री तिच्या वडिलांकडून कळले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की मूल १४-१५ वर्षांचे झाल्यावर पालकांनी हे आकडे निदान दिवसा तरी पाहू नयेत. 'मी कोण' हा प्रश्न याच वयात आकार घेत असतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी स्वतःची ओळख घडवणे हेच किशोरवयाचे मुख्य काम मानले होते. ज्या मुलाच्या दिवसाची चौकशी आकड्यापासून सुरू होते, ते हळूहळू स्वतःलाही त्याच आकड्याने जोखू लागते. शिवाय तो आकडा म्हणजे वागणुकीचा पुरावा नव्हे. वयात येताना वाढीच्या संप्रेरकामुळे शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही, त्यामुळे काल पुरलेला डोस आज अपुरा पडतो, आणि आपण मात्र "काय खाल्लेस?" असे विचारून मोकळे होतो.

प्रतिसाद १ (१६ वर्षांच्या मुलाचे वडील):
मी पूर्णपणे असहमत आहे. आम्ही हाच प्रयोग गेल्या वर्षी केला. मुलगा म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवा," आणि आम्ही मोबाइलवरचे त्याचे आकडे बंद केले. चौथ्या महिन्यात एका पहाटे तो उलट्या करत, खोल श्वास घेत जमिनीवर बसलेला सापडला. किटोअॅसिडोसिस झाला होता, म्हणजे इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात किटोन नावाची आम्ले साठली होती. दोन दिवस अतिदक्षता विभागात गेले. त्याने डोस चुकवले होते, आणि चुकवल्याचे सांगायची त्याला लाज वाटली होती.

टाइप १ मधुमेहात काटेकोर आणि नेहमीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात १,४४१ रुग्ण होते, त्यांत १३ ते १७ वयोगटातील १९५ मुले होती. काटेकोर उपचारांमुळे डोळ्यांच्या पडद्याचे नुकसान या मुलांमध्येही घटले. मात्र त्याच उपचारांवरील प्रौढांपेक्षा त्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) जास्त राहिले आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंगही त्यांच्यात अधिक आले. म्हणजे ज्या वयात तुम्ही हात काढून घ्यायचे म्हणता, तेच वय सर्वांत निसरडे आहे. मूल माझ्यावर रागावले तर तो राग मी सहन करीन.

प्रतिसाद २ (तेराव्या वर्षापासून मधुमेह, आता वय ३१):
तुमच्या मुलाने लाज वाटल्याचे सांगितले, त्यावर थोडे थांबावे असे वाटते, कारण त्या लाजेत मी पाच वर्षे काढली आहेत. आमच्या वेळी सेन्सर नव्हता, बोट टोचून आकडा वहीत लिहावा लागे. तपासणीच्या आदल्या रात्री मी पंधरा दिवसांचे आकडे एका बैठकीत रचत असे. खरे वाटावेत म्हणून दोन वेगवेगळी पेने वापरत असे आणि अधूनमधून एखादा २१० घालत असे. मला इन्सुलिनचा कंटाळा होता असे नाही. जास्त आलेल्या प्रत्येक आकड्यावर घरात बोलणी बसत, आणि वर्गमित्रांना कळू नये म्हणून मी शाळेच्या स्वच्छतागृहात दार लावून इंजेक्शन घेत असे, तेही बरेचदा राहून जाई.

परंतु मी धागाकर्तींच्याही बाजूचा नाही. सोळाव्या वर्षी आईवडिलांनी "आता तुझे तू बघ" म्हणून सगळेच माझ्यावर सोपवले, तेव्हा मोकळे वाटण्याऐवजी मला टाकून दिल्यासारखे वाटले. डोस मी ठरवावा आणि तो ठरवताना कोणीतरी शेजारी बसावे, एवढेच मला हवे होते. माझी गाडी रुळावर आली ती एका मित्राला सगळे सांगितल्यावर. साखर खाली गेली की माझा आवाज चिडका होतो, हे माझ्याआधी त्याच्या लक्षात येई.

प्रतिसाद ३ (मधुमेह समुपदेशक):
एक गोष्ट कोणीच मांडली नाही. काही मुले, विशेषतः मुली, वजन कमी करण्यासाठी जाणूनबुजून इन्सुलिन टाळतात. वजन घटणे, एचबीए१सी चढत जाणे आणि इंजेक्शन सर्वांपासून लपून घेणे ही चिन्हे एकत्र दिसली, तर खासगीपणाचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटावे. केवळ आकडे पाहत राहून हा आजार बरा होत नाही, पण आकड्यांकडे पाठ फिरवली तर तो उशिरा कळतो.

धागाकर्ती:
'पाहू नये' हे माझे विधान मी मागे घेते. प्रतिसाद १ वाचून रात्री मला झोप लागली नाही. काल मुलीशी बोलले आणि अटी तिनेच घातल्या. रात्री मी पाहावे. दिवसा शुगर ७०च्या खाली किंवा सलग दोन तास ३००च्या वर राहिली तरच माझा मोबाइल वाजावा. बाकी आठवड्याचा आलेख रविवारी दोघींनी मिळून पाहायचा, आणि डोसमध्ये काय बदल सुचवायचा हे आधी तिने बोलायचे. समुपदेशकांनी सांगितलेली चिन्हेही मी तिला वाचून दाखवली. ती गप्प राहिली, पण उठून गेली नाही. याविषयी तिच्याशी पुन्हा बोलणार आहे.

प्रतिसाद १:
रविवारची कल्पना मी माझ्या मुलापुढे ठेवीन. मात्र ३०० ही मर्यादा मला जास्त वाटते; डॉक्टरांना विचारून २५० करता येते का ते पाहा, आणि किटोन तपासायच्या पट्ट्या तिच्या दप्तरातच असू द्या. आमच्या पट्ट्या घरी कपाटात होत्या, आणि कोणत्या कपाटात ते फक्त मला माहीत होते.