क्राइस्टचर्चनंतर सरकारनं नेमकं काय केलं? आणि आपल्या दारातल्या कमानीचं काय?

शनिपारकर
परवा संकष्टीला मध्यवस्तीतल्या एका मोठ्या मंदिरात गेलो होतो. दारात मेटल डिटेक्टरची कमान. खिशात किल्ल्यांचा जुडगा, पिशवीत स्टीलचा डबा, त्यामुळे कमान केकाटली. पुढच्या काकूंनाही केकाटली होती, मागच्या पोरालाही केकाटली. खुर्चीतल्या रक्षकानं मोबाइलवरून मान वर न करता "चला, पुढे चला" केलं. पुण्यातल्या जर्मन बेकरीच्या बॉम्बस्फोटात १७ माणसं गेली त्याला इतकी वर्षं झाली. त्यातून आपण काय शिकलो ते त्या कमानीत दिसलं.

प्रार्थनास्थळावरच्या हल्ल्यानंतर सरकारनं कसं वागावं, हा विषय निघाला की न्यूझीलंडचं नाव येतं. १५ मार्च २०१९, शुक्रवारची नमाज, क्राइस्टचर्चमधली अल नूर मशीद आणि लिनवूडचं इस्लामिक सेंटर. एकट्या माणसानं ५१ जणांना मारलं. आणि आपल्याला आठवतं काय? डोक्यावरून ओढणी घेतलेल्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांचा फोटो.

फोटो चांगलाच होता. पण चौकशी आयोगाचा अहवाल २०२० च्या डिसेंबरात आला, तो वाचा. मारेकऱ्याकडे रीतसर शस्त्रपरवाना होता. परवान्यासाठी त्याला ओळखणारे दोघं लागत होते. त्यानं दिले कोण? ऑनलाइन गेम खेळताना जमलेला एक मित्र आणि त्या मित्राच्या पालकांपैकी एक. ते चाललं! इथं साध्या पासपोर्टला शेजारचे दोघं साक्षीदार आणताना आपली दमछाक होते.

माझं म्हणणं एवढंच: हल्ल्यानंतरचा पहिला आठवडा कॅमेऱ्यांचा असतो. सरकार खरं कळतं ते नंतर, परवान्याच्या टेबलावर.

कोंढव्यातून
शनिपारकर, कमानीबद्दल शंभर टक्के सहमत. फोटोबद्दल अजिबात नाही.

तुम्हाला तो फोटो वाटला. आम्ही तो इथं बसून पाहिला तेव्हा माझे वडील, जे टीव्हीवरच्या पुढाऱ्याला कधी बरं म्हणत नाहीत, ते गप्प बसून बघत होते. घरात माणूस गेल्यावर पहिल्या दिवशी दारात कोण आलं, हे आयुष्यभर लक्षात राहतं की नाही? सरकारचंही तेच. पुढच्या शुक्रवारी देशभर अजान प्रक्षेपित केली, मशिदीसमोरच्या हॅगली पार्कमध्ये हजारो लोक उभे राहिले. त्यातून त्या माणसांना कळलं की पुन्हा नमाजाला जायला हरकत नाही. शिक्षा सुनावण्याआधी कोर्टात जखमींनी आणि नातेवाइकांनी त्याच्या तोंडावर आपलं म्हणणं मांडलं. तीन दिवस चाललं ते. सरकार आपलं आहे असं वाटल्याशिवाय कोण उभं राहील तिथं?

निवृत्त_बंदोबस्त
तीस वर्षं नोकरी केली, त्यातले निम्मे गणपती रस्त्यावर काढले. त्यामुळे थोडं बोलतो.

शनिपारकर, कमानीवरच्या माणसाला दोष देणं सोपं आहे. बारा तासांची पाळी, वर पत्रा, खाली रांग. प्रत्येकाला थांबवलं तर रांग पार रस्त्यावर जाते आणि मग तुमच्यासारखेच लोक ओरडतात. कमान हल्ला थांबवत नाही, थोडा वेळ मिळवून देते. आणि तो वेळ वापरायला मागे कोणी हवं.

न्यूझीलंडच्या पोलिसांचं म्हणाल तर पहिला फोन आल्यापासून सुमारे वीस मिनिटांत दोन अधिकाऱ्यांनी त्याची गाडी ठोकून त्याला जिवंत पकडला. जिवंत! म्हणून खटला झाला. जन्मठेप, पॅरोल नाही, त्या देशात पहिल्यांदाच. मेला असता तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नसती आणि काही लोकांना हुतात्मा सापडला असता.

परवान्याचं मात्र बरोबर बोललात. आपल्याकडे निवडणूक आली की परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा होतात. ती रजिस्टरं मी लिहिली आहेत. कंटाळवाणं काम, पण तेच काम.

औंध_ते_ऑकलंड
शनिपारकर, तुमची मांडणी अर्धवट आहे. "फक्त फोटो" कुठं? सहा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी जाहीर झाली. १० एप्रिलला संसदेत ११९ विरुद्ध १ मतानं कायदा मंजूर. वर्षअखेरपर्यंत लोकांकडून मोबदला देऊन ५६ हजारांहून जास्त बंदुका परत घेतल्या. महिन्यात असा कायदा करणारं दुसरं सरकार दाखवा.

शनिपारकर
दाखवत नाही, कारण नाही. पण तुम्हीच सांगा, बंदुकांची नोंदवही कधी सुरू झाली? जून २०२३. चार वर्षं! कायदा महिन्यात, वही चार वर्षांत. मी हेच म्हणतोय.

नाव_कशाला
११९ विरुद्ध १ हे लोकशाहीचं लक्षण नाही, भावनेचं आहे. इतक्या घाईत केलेल्या कायद्यात शेतकरी आणि शिकारी भरडले जातात. गुन्हेगार काही बंदूक परत करायला रांगेत उभा राहत नाही.

औंध_ते_ऑकलंड
अहो, हा माणूस "गुन्हेगार" नव्हताच ना आधी! परवानाधारक होता. दुकानातून बंदुका घेतल्या त्यानं.

वाकडची_मावशी
माझी भाची तिथंच राहते. त्या शुक्रवारी तिचा मुलगा शाळेत होता. शहरातल्या सगळ्या शाळा आतून बंद, पोरं टेबलांखाली. कितीतरी मुलं सकाळपासून हवामानबदलाच्या मोर्च्याला चौकात गेली होती, त्यांचे आईबाप वेड्यासारखे शोधत होते. संध्याकाळी पोरगं घरी आलं आणि पहिलं काय विचारलं, तर "आई, व्हिडिओ पाहिलास का?" शाळेतल्या कोणाच्या तरी फोनवर आला होता.

इकडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच व्हिडिओ रात्री नऊच्या आत. पाठवणारे आमचे सख्खे दीर. खाली लिहिलं होतं, "हृदय असेल तरच पाहा". मी फोन करून अशी काही सुनावली की सहा महिने बोलणं बंद होतं. तिकडे हा व्हिडिओ बाळगणं, पाठवणं गुन्हा ठरवला आणि लोकांना खरोखर तुरुंगात टाकलं. फेसबुकनं पहिल्या चोवीस तासांत १५ लाख प्रती काढल्या म्हणे. आमच्या दिरांची त्यात नसावी.

आर्डर्नबाईंनी त्या माणसाचं नाव कधीच तोंडातून काढणार नाही असं संसदेत सांगितलं. मीही घेत नाही.

गंजपेठी
सगळे न्यूझीलंडच्या आरत्या ओवाळताय, म्हणून जरा घरचं बघू. अक्षरधाम मंदिरावरचा हल्ला, गांधीनगर, सप्टेंबर २००२. तीसवर माणसं गेली. सहा जणांना शिक्षा, त्यात तिघांना फाशी. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. मालेगाव, सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, कबरस्तानाजवळ स्फोट. मेलेले मुसलमान, पकडलेले नऊही मुसलमान. एक मधेच वारला, उरलेले २०१६ मध्ये आरोपमुक्त.

हल्ल्यानंतर सरकारवर "पकडा कोणाला तरी" हा दाब येतो. त्या दाबाखाली कोण पकडला जातो, यावर सरकार जोखावं. फोटो नको, वही नको, हे.

सदाशिवपेठ_४११०३०
२००८ च्या मालेगावचंही लिहा की मग. तेही सातही जण २०२५ च्या जुलैत सुटले. निवडक आठवण बरी नाही.

गंजपेठी
लिहितो. त्यात मेलेल्यांच्या घरी आजही कोणी सांगू शकत नाही की कोणी मारलं. माझा मुद्दा पक्काच झाला, आभार.

कोंढव्यातून
गंजपेठींच्या मुद्द्यावर एक. न्यूझीलंडच्या आयोगानंही म्हटलंय की गुप्तचर यंत्रणांचं लक्ष प्रमाणाबाहेर इस्लामी दहशतवादाकडे होतं. मात्र त्यामुळेच हा माणूस निसटला असं आयोग म्हणत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्यांच्यावर नजर ठेवली जात होती तेच मारले गेले, हे त्या लोकांना कसं वाटलं असेल?

आणि सगळं गोड नव्हतं तिथं. आमच्यात मय्यत शक्यतो त्याच दिवशी दफन करतात. तिथं ओळख पटवण्यात दिवस गेले, पहिले दफनविधी बुधवारी झाले. नातेवाईक पाच दिवस ताटकळले.

निवृत्त_बंदोबस्त
त्यावर पोलिसांची बाजू सांगतो. चुकीच्या घरी चुकीचा मृतदेह गेला तर? एका अपघातात हे होता होता वाचलेलं मी पाहिलं आहे. कपड्यांवरून नातेवाइकांनी ओळखलं होतं, आणि तो भलताच निघाला. घाई नको म्हणजे नकोच. फक्त बाहेर उभ्या माणसाला दर दोन तासांनी कोणीतरी येऊन सांगायला हवं की काम कुठवर आलं. आपल्याकडे ससूनच्या आवारात काय, किंवा कुठल्याही शवागाराबाहेर काय, हे सांगणारा माणूस नेमलेलाच नसतो.

शनिपारकर
हे पटलं. "दर दोन तासांनी सांगणारा माणूस" हे मी पहिल्या आठवड्याच्या कामात धरतो, आणि तेवढ्यापुरते माझे शब्द मागे घेतो. ओढणीबद्दल अजून नाही.

नाव_कशाला
म्हणजे शेवटी फोटो महत्त्वाचाच ना?

शनिपारकर
तुम्ही वाचता का नुसतं टंकता?

औंध_ते_ऑकलंड
भांडू नका. एक वेगळी गोष्ट. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथं मृत्यूंची न्यायालयीन चौकशी सुरू झाली. आठवडेच्या आठवडे. रुग्णवाहिका कधी आत गेल्या, कोणाला कधी मदत मिळाली, मिनिटामिनिटाचा हिशोब. त्यात अल नूरमधल्या आपत्कालीन दाराचाही मुद्दा होता: लोक त्या दाराकडे धावले तेव्हा ते उघडलं का, नसेल तर का नाही. साडेचार वर्षांनी सरकार एका दाराच्या कडीची चौकशी करत होतं. शनिपारकर, तुमचं टेबल हेच ना?

शनिपारकर
हेच.

मंडळाचा_खजिनदार
इतका वेळ नुसता वाचत होतो. तो दाराचा मजकूर वाचून उठलो आणि आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात जाऊन आलो. सभामंडपाला मागचं दार आहे. त्याच्यासमोर आमच्याच मंडळाचे अकरा ढोल, ताडपत्री आणि मागच्या वर्षीच्या देखाव्याचा अर्धा किल्ला. ते बाजूला करायला दोघं लागले. दाराला बाहेरून कुलूप. किल्ली पुजारीकाकांकडे असते म्हणे, आणि काका लेकीकडे चिंचवडला गेलेत, सोमवारी येतील.