लॉनवरचं लग्न आणि ऐनवेळचा अवकाळी (अनुभव धागा)

नाशकात गंगापूर रोडपासून पार आडगावपर्यंत लॉनच लॉन झालेत. एप्रिल-मेमधला अवकाळी बहुधा दुपारनंतर उठतो आणि गोरज मुहूर्त नेमका त्याच्या तोंडी सापडतो. मंडप, वीज, भटारखाना, पौरोहित्य यांतल्या जाणकारांनी लिहावं: काय बिघडतं, का, आणि त्या क्षणी काय करायचं. किस्से नकोत, कामाचं हवं.

मंडपवाले, पंचवटी
मंडप पडतो तो बहुतेक वेळा छतात साचलेल्या पाण्याने. दहा बाय दहा फुटांच्या एका खणात दोन इंच पाणी साचलं तरी साडेचारशे लिटरच्या वर जातं, म्हणजे जवळपास अर्धा टन. त्यात त्याच पाइपांना झुंबरं टांगलेली. छताला झोळ दिसला की लोक खालून बांबूने ढोसतात. पाणी थोडं असेल तर ते ठीक, तेही कडेच्या बाजूने. झोळ मोठा झाला असेल तर ढोसल्यावर सगळं वजन एकदम एका खांबावर जातं आणि खांब वाकतो. आधी त्या खणाखालची माणसं बाहेर काढा, मग बाजूला उभं राहून लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने झोळाच्या तळाशी छोटं भोक पाडा. कापडाचे पैसे भरून देता येतात.

वाऱ्याचं गणित वेगळं. तीन बाजू पडद्यांनी बंद आणि चौथी वाऱ्याच्या तोंडाला उघडी असेल, तर छत शिडासारखं फुगतं. सुटायला लागलं की पडदे आवळत बसू नका, उलट समोरासमोरचे सोडून द्या, वारा आरपार जाऊ द्या. आपली काळी माती भिजली की लोण्यासारखी होते, खुंटी सहज उपसून येते. म्हणून खुंटी किमान दोन फुटांची, मंडपाच्या उलट बाजूला कललेली, आणि शंका असेल तिथे जोडीला वाळूची पोती.

वायरमन, सातपूर
पाऊस आला, लाइट गेली, जनरेटर चालू केला आणि पाच मिनिटांत एलईडी वॉल, पंखे, साउंड सगळं जळालं. हे जनरेटरमुळे झालं असं सगळे म्हणतात. पुष्कळदा कारण चेंजओव्हरमधला (लाइटवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचमधला) ढिला न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, असतो. तो सुटला की २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या जवळ दाब जाऊ शकतो. ओळख सोपी: काही दिवे भगभगीत, काही मंद. तसं दिसलं की बिघाड शोधत बसू नका, पहिला मेन पाडा. त्याच्याही आधी, म्हणजे लोड जोडण्यापूर्वी, तिन्ही फेज न्यूट्रलशी मीटरने मोजा. २२० ते २४० च्या बाहेर काही दिसलं तर लोड जोडू नका.

ओल्या गवतावर टेप मारलेला जॉइंट पडलेला असतो, त्यावरून पोरं पळत असतात. प्रत्येक जॉइंट खांबाला, कमरेच्या वर बांधा. प्रत्येक बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि लोखंडी खांबांना अर्थिंग, या दोन गोष्टींवर घासाघीस करू नका.

आचारी, नाशिकरोड
भटारखान्याच्या छताला गळती असेल तर कढई तिच्याखाली नकोच. पुरीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. थेंब आत गेला की त्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशेपट फुगते आणि तेल उडवते. पेट घेतलाच तर आधी गॅस बंद, मग झाकण किंवा परात सरकवायची. पाणी अजिबात नाही.

पंगत दोन तास लांबली तर मसालेभात खोल तपेल्यात झाकून ठेवू नका, मधे आंबतो. ६० अंशांच्या वर गरम राहील एवढी मंद आच खाली ठेवा. मठ्ठा आणि श्रीखंड बर्फात. पुऱ्या लाटूनही ठेवायच्या नाहीत, पंगत बसल्यावरच घाणा टाकायचा.

गुरुजी, रामकुंड परिसर
मुहूर्त टळेल म्हणून घाबरून लोक भिजत उभे राहतात. अंतरपाट धरायला सहा बाय आठ फुटांची कोरडी जागा पुरते, वधूपक्षाची खोलीही चालते. अंतरपाट, अक्षता, दोन हार, मंगळसूत्र, सप्तपदीचे तांदूळ, सुपारी एका प्लास्टिकच्या पिशवीत वेगळं काढून घरच्या एकाच माणसाच्या हाती द्यावं. समिधा वेगळ्या पिशवीत बांधाव्यात, ओल्या समिधांचा नुसता धूर होतो. होम कापडी छताखाली नको, पत्र्याच्या शेडखाली, भटारखान्यापासून लांब.